रात्री दोन वाजता तांबडं फुटलं

(मंडळाच्या कोजागिरीच्या कार्यक्रमात केलेलं भाषण. बोलले तसंच ठेवलं आहे. मध्ये दूध उतू गेलं त्याची गडबड तेवढी गाळली आहे.)



अध्यक्षांचा फोन आला तेव्हा मला वाटलं, नेहमीप्रमाणे फराळाच्या स्टॉलचं काहीतरी असेल. चकल्या किती, चिवडा किती. तर म्हणाले, "वहिनी, यंदा पंधरा मिनिटं बोला. वणव्यावर." मी म्हटलं, "अहो, सणासुदीला वणव्याचं काय बोलायचं?" त्यावर ते म्हणाले, "आपल्याकडे तो सणासुदीलाच येतो की."

यावर मला काही उत्तर सुचेना, कारण ते अगदी खरं आहे. सॅन डिएगोची सीडर फायर लागली ती २५ ऑक्टोबर २००३ ला. कालनिर्णय काढून बघा, लक्ष्मीपूजन होतं. विच क्रीकची आग २१ ऑक्टोबर २००७, त्या दिवशी दसरा. उत्तरेकडे पॅराडाइज नावाचं आख्खं गाव जळालं ती कॅम्प फायर ८ नोव्हेंबर २०१८ ची, म्हणजे पाडवा. यात देवाचा कोप वगैरे काही नाही हं, हवामान आहे. आपल्याकडे देशात दिवाळी येते ती पावसाळा नुकताच संपल्यावर. डोंगर हिरवे, विहिरी भरलेल्या, झेंडूचे ढीग. इथे उलटं. इथला पाऊस हिवाळ्यातला. एप्रिल-मेपासून टेकड्यांवर थेंब नसतो आणि दिवाळीपर्यंत सगळं झाडझुडूप पापडासारखं कडकडीत वाळलेलं असतं. आणि नेमका तेव्हाच सांता आना वारा सुटतो. एरवी आपल्याकडे वारा समुद्रावरून येतो, गार आणि ओलसर. हा येतो उलटा, नेवाडा-यूटाकडच्या वाळवंटातून. डोंगर उतरून खाली येता येता तापतो आणि आणखी कोरडा होतो. ज्या दिवशी ओठ फुटतात, केसांना कंगवा लावला की चटचट होतं आणि दाराच्या मुठीला हात लावला की शॉक बसतो, तो दिवस ओळखून ठेवायचा. रेड फ्लॅग वॉर्निंग म्हणतात ती अशाच दिवसांसाठी असते.

पण मी आज हवामान सांगायला उभी नाही. वणव्यात घर कसं सोडावं यावर शहाणपण सांगणारे माझ्याहून जाणकार पुष्कळ आहेत. मी आमचा मूर्खपणा सांगणार आहे. त्याचा उपयोग जास्त होईल.

आम्ही तेव्हा स्क्रिप्स रँचमध्ये राहायचो. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी, हायवे १५ च्या पूर्वेला, निलगिरीच्या उंच झाडांमधली वस्ती. शांत, सावलीची, सुंदर. निलगिरीच्या पानात तेल असतं हे लहानपणी सर्दी झाल्यावर वाफारा घेताना आपल्याला माहीत असतं, घर घेताना मात्र आठवत नाही. मुलगी सात वर्षांची, मुलगा तीनचा. सासूबाई सांगलीहून पहिल्यांदाच आल्या होत्या, जेमतेम दोन आठवडे झाले होते. त्या शनिवारी घरी पूजा केली. चार-पाच कुटुंबं जेवायला होती. दारात आईंनी मोठी ठिपक्यांची रांगोळी काढली होती. मंडळी जाईपर्यंत साडेअकरा झाले. भांडी सिंकमध्ये तशीच ठेवून आम्ही झोपलो.

रात्री आईंनी मला हलवून उठवलं. "अगं, पहाट झाली वाटतं. पूर्वेला तांबडं फुटलंय." मी डोळे किलकिले करून घड्याळ पाहिलं, दोन वाजत होते. ज्यांना आठवत असेल त्यांना आठवेल, त्या वर्षी घड्याळं एक तास मागे जायची ती नेमकी त्याच रात्री. मी म्हटलं, "आई, आज घड्याळं बदलतात, त्यात तुमचा जेटलॅग. झोपा बघू." त्या म्हणाल्या, "बरं बाई," आणि गेल्या. खिडकीशी जाऊन पडदा सरकवायचे कष्ट मी घेतले नाहीत. अमावस्येच्या रात्री, दोन वाजता, पूर्वेला तांबडं! शाळेतलं पोरही म्हणेल, हे काय आहे?

ते काय होतं हे आता सगळ्यांना माहीत आहे. आमच्यापासून वीस-पंचवीस मैलांवर, क्लीव्हलंड नॅशनल फॉरेस्टमध्ये एक शिकारी वाट चुकला होता आणि कोणीतरी आपल्याला शोधावं म्हणून संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला त्याने जाळ केला. रात्री सांता आना सुटला. आम्ही पुरणपोळ्या खाऊन घोरत होतो तेव्हा तिकडे, लेकसाइडच्या वरच्या बाजूला, डोंगरातल्या अरुंद रस्त्यांवर लोक आपापल्या गाड्यांतून जीव घेऊन पळत होते. काहींना पळता आलं नाही. त्या आगीत पंधरा माणसं गेली, त्यात एक अग्निशमन दलाचा जवान होता. त्यांना कोणी उठवलंच नव्हतं. आम्हाला उठवलं होतं, घरातल्याच माणसाने.

सकाळी दार उघडलं तर रांगोळीवर राख. बारीक, पांढरी, आधी वाटलं रांगोळीच विस्कटली. हवेला जळकट वास आणि सूर्य मुलीच्या खडूसारखा नारिंगी. टीव्ही लावला. टीव्हीवर रमोना, लेकसाइड ही नावं येत होती, आमचं नव्हतं. आमचा जीव भांड्यात पडला. नवरा म्हणाला, "आपल्याला जायचं असेल तर पोलीस सांगतील ना."

हे वाक्य लक्षात ठेवा. या वाक्याने आमची चाळीस मिनिटं खाल्ली.

आमच्या शेजारी एक वयस्कर गृहस्थ राहायचे, नेव्हीतून निवृत्त झालेले. चार वर्षांत त्यांची-आमची ओळख म्हणजे कचऱ्याचे डबे बाहेर काढताना 'हाय' आणि 'हॅव अ गुड वन'. साडेआठच्या सुमाराला त्यांनी दारावर अक्षरशः बुक्क्या मारल्या. म्हणाले, मुलांना घ्या आणि निघा, आत्ताच्या आत्ता. नवऱ्याने त्यांना विचारलं, "ऑर्डर आली आहे का?" ते एक क्षणभर त्याच्याकडे बघत राहिले आणि मग फक्त बोटाने वर दाखवलं. निलगिरीच्या शेंड्यांमधून जळते तुकडे उडत येत होते. झाडांच्या साली, पानं, हाताच्या पंजाएवढे निखारे.

इथे एक गोष्ट सांगते, कारण माझ्या डोक्यातही चुकीचं चित्र होतं. मला वाटायचं आग भिंतीसारखी सरकत येते, आपल्याला लांबून दिसते, मग आपण निघायचं. तशी ती येते पण, परंतु बरीचशी घरं त्या भिंतीने जळत नाहीत. वाऱ्याबरोबर ठिणग्या आणि निखारे आगीच्या मैलभर पुढे उडतात, कौलाखाली, पन्हळीतल्या पाचोळ्यात, माळ्याच्या जाळीतून आत, पायपुसण्यावर जाऊन बसतात आणि घर आतून पेटतं. म्हणजे 'आग अजून टेकडीच्या पलीकडे आहे' याला काही अर्थ नसतो.

बरं, मग आम्ही निघालो का? छे! आम्ही सामान घ्यायला लागलो.

काय घेतलं ते ऐका. नवऱ्याने कॉम्प्युटरचा मॉनिटर उचलला. तेव्हाचे ते पेटाऱ्याएवढे मॉनिटर! ज्यात सगळे फोटो होते तो खालचा डबा टेबलाखालीच राहिला. मी चकल्यांचा डबा घेतला आणि प्रेशर कुकर. का, ते विचारू नका, मला आजही सांगता येत नाही. पासपोर्टची फाइल सापडेना. ग्रीन कार्डाचे कागद, आईंचा पासपोर्ट, परतीचं तिकीट, सगळं त्या एका फाइलमध्ये आणि ती फाइल 'नीट' ठेवलेली. नीट ठेवलेली वस्तू वेळेला सापडत नाही. वीस मिनिटं कपाटं उपसली. शेवटी ती पूजेच्या चौरंगाखाली निघाली, उंची कमी पडत होती म्हणून मीच आदल्या दिवशी ठेवली होती. राहिलं काय? आईंच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या आणि मुलाचा दम्याचा पंप. धुरात निघालेल्या दम्याच्या मुलाचा पंप!

आई तेवढ्या शांत होत्या. त्यांनी देव्हाऱ्यातले देव पदरात बांधले, समईची ज्योत बोटांनी शांत केली, तिच्यातलं तेल सिंकमध्ये ओतून दिलं आणि म्हणाल्या, "चला. घराला आता आपली गरज नाही."

गॅरेजमध्ये गेलो तर वीज गेलेली. दार उघडेना. दोन्ही गाड्या आत. नवरा इंजिनिअर माणूस, पण बटण दाबण्यापलीकडे त्या दाराशी त्याचा कधी संबंध आला नव्हता. तो परत-परत बटणच दाबत होता. परत तेच शेजारी धावत आले, छताला लोंबणारी लाल दोरी खाली ओढली आणि दोघांनी मिळून दार हातांनी वर केलं. पाच सेकंदांचं काम. २०१७ मध्ये सोनोमाकडच्या आगीत वीज गेल्यावर काही वृद्ध माणसांना गॅरेजचं दार उघडता आलं नाही आणि ती तिथेच गेली. त्यानंतर कॅलिफोर्नियात कायदा झाला, आता नवीन बसवलेल्या दाराच्या मोटरला बॅटरी लागते. जुन्यांना लागत नाही. तुमच्यापैकी किती जणांनी ती लाल दोरी कधी ओढून पाहिली आहे? हात वर करा. ... पाच. बरं.

आता मला जे सांगायला जड जातं ते सांगते. आम्ही दोन गाड्या काढल्या. दोन्हींत मिळून चार जागा रिकाम्या होत्या, एका सीटवर मॉनिटर पट्टा लावून बसवला होता. समोरच्या घरात एक बाई एकट्या राहायच्या, बऱ्याच वयस्कर, नाकाला ऑक्सिजनची नळी. गाडी चालवायच्या नाहीत. त्यांना आम्ही रोज खिडकीत बघायचो. त्यांच्या घरासमोरून आमच्या दोन्ही गाड्या गेल्या आणि आमच्यापैकी कोणाच्याही मनात आलं नाही की हॉर्न तरी वाजवावा. आरशात मला दिसलं, शेजारचे ते गृहस्थ त्यांच्या हाताला धरून आपल्या ट्रककडे नेत होते. मला त्या बाईंचं नाव माहीत नव्हतं. चार वर्षं समोरासमोर राहून नाव माहीत नव्हतं.

हायवेपर्यंतचा जेमतेम दीड मैल जायला पाऊण तास लागला. सगळी वस्ती एकाच वेळी निघालेली. दिवसा हेडलाइट लावावे लागत होते. मुलगी मागून विचारत होती, "आई, रात्र झाली का?" मुलाला ढास लागली होती, त्याच्या तोंडावर माझी ओढणी ओली करून धरली. त्याआधी चाळीस मिनिटं निघालो असतो तर रस्ता मोकळा होता, हे नंतर कळलं. पलीकडच्या गल्लीतलं एक तेलुगू कुटुंब सातलाच निघालं होतं, नऊ मिनिटांत हायवेवर.

आम्ही समुद्राकडे, कार्मेल व्हॅलीत मित्रांकडे गेलो. तिथे रात्रीपर्यंत तीन कुटुंबं जमली, चौदा माणसं. पाडवा होता. यजमानीण बाईंनी हौसेने ताट केलं, निरांजन लावायला काडी ओढली तर आई म्हणाल्या, "राहू दे गं, आज नको ज्योत. कुंकू लाव आणि सुपारी ओवाळ." तशीच ओवाळणी झाली. टीव्हीवर आग हायवे १५ ओलांडून मिरामारच्या तळावर शिरलेली दिसत होती. आठ पदरी रस्ता ओलांडला तिने! सोमवारचा चार्जर्सचा सामनाही ॲरिझोनाला हलवला, कारण स्टेडियममध्ये घर सोडून आलेली माणसं होती. आमच्या मुलांना शाळेला सुट्टी मिळाल्याचा आनंद.

त्या आगीत २,२००हून अधिक घरं गेली, तीनशेहून जास्त एकट्या स्क्रिप्स रँचमधली. परत जायला मिळालं तेव्हा आमचं घर उभं होतं. पडदे काळे, सगळीकडे धुराचा वास, पण उभं. शेजारच्या गृहस्थांचं नव्हतं. चिमणी आणि नळाचे पाइप उरले होते. आमचं छप्पर कौलाचं, त्यांचं जुन्या पद्धतीचं लाकडी फळ्यांचं, एवढाच काय तो फरक. त्यांचा विमाही जुन्या किमतीचा होता, बांधायला लागणाऱ्या पैशापेक्षा बराच कमी. त्या वर्षी कितीतरी जणांचं असंच झालं. (तुमच्या पॉलिसीत घर पुन्हा बांधायला किती मिळतील आणि तोवर भाड्याने राहायचा खर्च मिळतो का, हे दोन आकडे बघा. घराच्या बाजारभावाशी त्यांचा संबंध नसतो.) मी त्यांच्याकडे गेले तेव्हा ते राखेत काहीतरी चाळत होते, पिठाच्या चाळणीसारख्या चाळणीने. मला सॉरीसुद्धा नीट म्हणता आलं नाही. त्यांनीच विचारलं, "मुलगा कसा आहे? खोकत होता."

पुढे पुष्कळ सुधारणा झाल्या. २००७ मध्ये विच क्रीकच्या वेळी घरोघरी आपोआप फोन वाजले, पाच लाखांहून जास्त लोकांनी घरं सोडली. आम्ही फोनची वाट पाहिली नाही, पहाटे वास आला तसे निघालो. आता तर मोबाइलवर इशारे येतात, काउंटीने प्रत्येक वस्तीला झोन नंबर दिलेत, वॉच डयूटीसारखं ॲप नकाशावर आग दाखवतं. सगळं घ्या, सगळ्यात नाव नोंदवा. पण त्यावर विसंबू नका. पॅराडाइजमध्ये ८५ माणसं गेली, बहुतेक साठी-सत्तरीच्या पुढची, आणि कित्येकांपर्यंत इशारा पोचलाच नव्हता. जानेवारी २०२५ मध्ये अल्टाडीनाला आग लागली संध्याकाळी सव्वासहाच्या सुमाराला. गावाच्या पश्चिम भागाला घर सोडायचा आदेश आला पहाटे तीन वाजून गेल्यावर. त्या आगीत जे गेले ते जवळजवळ सगळे त्या पश्चिम भागातले. ती माणसंही आदेशाची वाट बघत होती की नाही, मला सांगता येणार नाही. आम्ही बघत होतो, एवढं नक्की. आपण नियम पाळणारी माणसं. व्हिसावर आलेली, रांगेत उभी राहणारी. कोणीतरी अधिकृत सांगेल तेव्हा जाऊ, ही आपली सवय. इथे 'वॉर्निंग' आणि 'ऑर्डर' असे दोन शब्द आहेत. ज्यांच्या घरी म्हातारी माणसं, लहान मुलं किंवा आजारी कोणी आहे, त्यांनी वॉर्निंगलाच निघायचं, असं सरकारी पत्रकांतही लिहिलेलं असतं. फुकट गेलो तर काय, एक दिवस मित्राकडे जेवून परत येऊ.

आणि आज सभागृहात पहिल्या दोन रांगांत बसलेल्या आई-बाबांविषयी मला खास बोलायचंय. दिवाळीला आपण त्यांना बोलावतो. सकाळी आपण दोघं ऑफिसात, मुलं शाळेत किंवा घरी आजी-आजोबांजवळ. आजोबांच्या फोनमध्ये देशातलं सिम, घरच्या वायफायवर नुसतं व्हॉट्सॲप. वीज गेली की वायफाय गेलं. तो इशारा त्यांच्या फोनवर येईलच असं नाही. आला तरी इंग्रजीत, कर्कश भोंग्यासह, ते घाबरून फोन बंद करतील. गाडी त्यांना चालवता येत नाही. तुम्ही परत येऊ म्हणाल, तर पोलिसांनी रस्ता बंद केलेला असतो, आत सोडत नाहीत. मग त्यांना घेऊन कोण निघणार? या प्रश्नाचं उत्तर आज रात्री झोपायच्या आधी घरात ठरलेलं असलं पाहिजे. उत्तर म्हणजे एका माणसाचं नाव. तुमच्या गल्लीत राहणाऱ्या, दिवसा घरी असणाऱ्या माणसाचं. त्याची आणि आजी-आजोबांची गाठ घालून द्या, चकल्या घेऊन जा. भाषा येत नसली तरी दार उघडायला हरकत नाही एवढं तोंडओळखीचं झालं तरी पुरे.

बाकी बारीकसारीक. त्या दिवसांत गाडीची टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका आणि गाडी तोंड रस्त्याकडे करून ठेवा. गोळ्या, चष्मा, पंप, पासपोर्ट एका पिशवीत, पिशवी दाराजवळच्या खुंटीला. निघताना खिडक्या-दारं लावा पण दिवे चालू ठेवा, धुरात बंबवाल्यांना घर दिसतं. नळ आणि स्प्रिंकलर सोडून जाऊ नका, सगळ्यांनी सोडले की बंबाच्या पाण्याचा दाब जातो. घराला लागून पाच फुटांत लाकडाची मोळी, सुकलेली झुडपं, वाळलेली तोरणं काही नको. हो, तोरणंसुद्धा. दसऱ्याचं दिवाळीपर्यंत लटकत असतं आपलं.

सासूबाई त्यानंतर आणखी दोनदा आल्या. प्रत्येक वेळी रात्री उठल्या की पडदा सरकवून पूर्वेला बघायच्या आणि मला सांगायच्या, "काळोख आहे गं." मीही उठून बघायचे. त्यांनी सांगितलं तरी बघायचे.

मी एक छोटा कागद तयार करून आणलाय, अर्धा मराठी, अर्धा इंग्रजी. फ्रिजवर लावायचा. घराचा पत्ता, झोन नंबर, गोळ्यांची नावं, मुलांच्या शाळेचा फोन आणि शेजाऱ्याचं नाव, अशा जागा सोडल्यात. साठ प्रती आहेत, मागच्या टेबलावर, दुधाच्या पातेल्याशेजारी. पेनं आणायची म्हणून काढून ठेवली होती, ती घरीच राहिली. एकमेकांची घ्या.